नॉर्टन अँटिव्हायरसवाल्याने घेतलेली १४ पत्रं, आणि लेखकांच्या पत्रांचा बाजार चालतो तरी कसा?

साल होतं १९९९. न्यूयॉर्कमध्ये सदबीज या लिलावघरात १४ पत्रं विक्रीला निघाली. लिहिणारा होता जे. डी. सॅलिंजर, 'द कॅचर इन द राय' या कादंबरीचा लेखक. हा माणूस प्रसिद्धीला इतका वैतागलेला, की न्यू हॅम्पशर राज्यातल्या कॉर्निश नावाच्या छोट्या गावात दार लावून बसलेला.

पत्रं विकणारी होती लेखिका जॉइस मेनार्ड. १९७२ मध्ये ती १८ वर्षांची होती. न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत तिचा लेख छापून आला आणि तो वाचून ५३ वर्षांच्या सॅलिंजरने तिला पत्र धाडलं. पत्रापत्री वाढली, ती कॉलेज सोडून त्याच्याकडे राहायला गेली आणि वर्षभराच्या आत ते नातं संपलं. पुढे मुलांच्या कॉलेजचा खर्च समोर आला, तेव्हा तिने ती पत्रं लिलावात काढली. त्यावरून तिच्यावर भरपूर टीकाही झाली.

बोली गेली १ लाख ५६ हजार ५०० डॉलरवर. घेणारा होता पीटर नॉर्टन. हो, तोच, ज्याच्या नावाचा अँटिव्हायरस एकेकाळी कॉम्प्युटर सुरू केला की पहिल्यांदा डोकं वर काढायचा. नॉर्टनने जाहीर केलं की ही पत्रं आपण सॅलिंजरला परत देऊ, किंवा तो म्हणेल तसं त्यांचं करू.

आता मुद्दा असा की, मेनार्डने याआधीच, १९९८ मध्ये, या नात्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. पत्रं तिच्या नावावर आलेली, २५ वर्षं तिच्याच ताब्यात. तरीही त्यांतला मजकूर तिला पुस्तकात जसाच्या तसा छापता आला नाही. विकता येतात, पण छापता येत नाहीत. असं का?

कागद तुमचा, शब्द लेखकाचे

याचं उत्तर जवळपास २८५ वर्षं जुनं आहे. १७४१ मध्ये इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोपने एडमंड कर्ल या पुस्तक विक्रेत्याला कोर्टात खेचलं, कारण कर्लने पोपची खासगी पत्रं छापली होती. कोर्टाने म्हटलं, पत्र ज्याला आलं त्याच्या मालकीचा फक्त कागद. त्यावरच्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो. गंमत म्हणजे याच पोपने काही वर्षांपूर्वी, १७३५ मध्ये, आपलीच पत्रं गुपचूप या कर्लच्याच हाती पडतील अशी व्यवस्था केली होती, म्हणजे 'चोरून छापली' असा आरडाओरडा करत स्वतःची आवृत्ती काढायला मोकळं.

सॅलिंजरनेही हेच हत्यार वापरलं. इयन हॅमिल्टन नावाच्या चरित्रकाराने त्याची पत्रं विद्यापीठांच्या ग्रंथालयांत रीतसर बसून वाचली होती आणि त्यांतला मजकूर चरित्रात घेतला होता. सॅलिंजर कोर्टात गेला. त्यासाठी त्याला ७९ पत्रांची कॉपीराइट नोंदणी करावी लागली. म्हणजे जी पत्रं लोकांनी वाचू नयेत म्हणून धडपड, त्यांचीच सरकारदरबारी नोंद. १९८७ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि हॅमिल्टनला पुस्तक नव्याने लिहावं लागलं.

भारतातही तत्त्व हेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण पत्रांच्या बाबतीत एक पाचर आहे, जी अनेकांना माहीत नसते. लेखकाच्या हयातीत न छापलेलं लेखन त्याच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, तर ६० वर्षं मोजायची ती त्या प्रकाशनानंतरच्या वर्षापासून. म्हणजे आजोबांना एखाद्या मोठ्या लेखकाने पाठवलेलं पोस्टकार्ड तुमच्या कपाटात असेल, तर ते दाखवायला, जपायला, विकायला तुम्ही मोकळे. पण अख्खा मजकूर पुस्तकात छापायचा किंवा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकायचा, तर नियमाप्रमाणे लेखकाच्या वारसांची परवानगी लागते. पोस्ट करणाऱ्यांपैकी फार थोडे इतका विचार करतात, हा भाग वेगळा.

पण किंमत ठरते कशावर?

या धंद्याची स्वतःची लिपी आहे. कॅटलॉगमध्ये 'एएलएस' लिहिलं असेल, तर पूर्ण पत्र लेखकाच्या हातचं आणि खाली सही. 'टीएलएस' म्हणजे टाइप केलेलं, सही तेवढी हातची. दोन्हींत साहजिकच पहिल्याला भाव जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे उपलब्धता. चार्ल्स डिकन्सची १४ हजारांहून जास्त पत्रं माहीत आहेत. तो रोज ढीगभर पत्रं लिहायचा, त्यांतली पुष्कळशी 'निमंत्रणाबद्दल आभार, पण येणं जमणार नाही' या छापाची. याउलट जेन ऑस्टिनने आयुष्यात अंदाजे ३ हजार पत्रं लिहिली असावीत असं मानतात आणि उरली आहेत फक्त १६० च्या आसपास. तिची बहीण कॅसँड्रा हिने बहुतेक पत्रं जाळून टाकली. त्यामुळे ऑस्टिनची चार ओळींची चिठ्ठी निघाली तरी बातमी होते. डिकन्सनेही जाळपोळ केली, पण वेगळी. १८६० मध्ये घरामागच्या आवारात शेकोटी पेटवून त्याने इतरांनी त्याला लिहिलेली पत्रं त्यात टाकली. आपण लिहिलेली पत्रं मात्र त्याच्या हातात नव्हतीच. ती शेकडो घरांत विखुरलेली होती, म्हणून वाचली.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पत्रात काय आहे आणि ते कुणाला लिहिलंय. जून २०२५ मध्ये मुंबईच्या अ‍ॅस्टागुरू या लिलावघराने रवींद्रनाथ टागोरांची ३५ हस्तलिखित पत्रं विकली, सोबत १४ पाकिटं. किंमत आली जवळपास ५.९ कोटी रुपये. पत्रं होती समाजशास्त्रज्ञ धूर्जटी प्रसाद मुखर्जी यांना लिहिलेली, १९२७ ते १९३६ या काळातली. म्हणजे ही कुणा चाहत्याला दिलेली स्वाक्षरी नव्हती. साहित्य आणि संगीतावर बरोबरीच्या माणसाशी चाललेला तो दीर्घ संवाद होता, आणि तो एकगठ्ठा शाबूत राहिला होता. ही पत्रं देशाबाहेर मात्र नेता येणार नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साहित्यिक मूल्य असलेली ७५ वर्षांहून जुनी कागदपत्रं येतात आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाहीत.

क्लिओपात्राचं पत्र, तेही फ्रेंचमध्ये

जिथे पैसा, तिथे बनावट माल. १९ व्या शतकात पॅरिसमध्ये मिशेल शाल नावाचे नामांकित गणितज्ञ होते. भूमितीत मोठं नाव. व्रँ-ल्युका नावाच्या माणसाने त्यांना काही वर्षांत जवळपास २७ हजार पत्रं विकली. सुरुवात पास्कलसारख्या जुन्या विद्वानांपासून झाली, मग गाडी अलेक्झांडर, क्लिओपात्रा आणि मेरी मॅग्डलीनपर्यंत पोचली. सगळ्यांची पत्रं कागदावर आणि फ्रेंचमध्ये! शाल यांना तरीही शंका आली नाही. उलट १८६७ मध्ये त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीत 'पास्कलची पत्रं' मांडून गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधी पास्कलने लावल्याचा दावा केला. १८७० मध्ये खटला चालून ल्युकाला दोन वर्षांची शिक्षा झाली. या पठ्ठ्याची हुशारी एवढीच, की तो जुन्या पुस्तकांतली कोरी पानं वापरायचा. कागद खरा, बाकी सगळं खोटं.

ली इझ्रेल या अमेरिकन चरित्रलेखिकेची गोष्ट जास्त अलीकडची. पुस्तकं चालेनाशी झाल्यावर १९९० च्या सुमारास तिने जुने टाइपरायटर जमवले आणि डोरोथी पार्कर, नोएल कॉवर्ड अशा लेखकांच्या नावाने जवळपास ४०० पत्रं रचली. अख्ख्या पत्राचं अक्षर जुळवण्यापेक्षा टाइप करून खाली सही ठोकणं सोपं. विक्रेत्यांना संशय यायला लागल्यावर ती ग्रंथालयांतून खरी पत्रं चोरून त्यांच्या जागी नकला ठेवू लागली. अखेर एफबीआयने गाठलं. तिच्या आठवणींवर २०१८ मध्ये 'कॅन यू एव्हर फर्गिव्ह मी?' हा सिनेमा आला, तो अनेकांनी पाहिला असेल. पण खरा धक्का पुढे आहे. कॉवर्डच्या पत्रांचा संग्रह २००७ मध्ये निघाला, त्यात तिने रचलेली दोन पत्रं खरी म्हणून छापली गेली होती. बनावट पत्राने फक्त घेणाऱ्याचे पैसे बुडत नाहीत. लेखकाच्या तोंडी त्याने न लिहिलेली वाक्यं जातात आणि ती चरित्रांत, अभ्यासात पसरत राहतात.

म्हणून जाणते संग्राहक अक्षराच्या आधी पत्राचा प्रवास विचारतात. कुणाला आलं, त्यांच्याकडून कुणाकडे गेलं, मध्ये किती वर्षांचा खड्डा आहे? साधी युक्ती अतिनील दिव्याची. १९५० नंतरच्या बहुतेक कागदांत पांढरेपणासाठी घातलेली रसायनं त्या उजेडात निळसर चमकतात. १९२० ची तारीख असलेलं पत्र चमकलं, तर विषय संपला. न चमकलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, जुना कोरा कागद ल्युकाकडेही होता.

बंद तिजोरी की ग्रंथालय?

काफ्काने होणारी बायको फेलिस बाउअर हिला ५०० च्या आसपास पत्रं आणि कार्डं लिहिली. लग्न झालं नाही, पत्रं उरली. १९८७ मध्ये ती सदबीजमध्ये ६ लाख ५ हजार डॉलरला विकली गेली आणि खासगी हातांत गेली. मजकूर आधीच छापलेला होता, पण मूळ कागद लोकांसाठी दिसेनासे झाले.

धाकटी बहीण ओटला हिला त्याने लिहिलेल्या पत्रांचंही २०११ मध्ये तेच होणार होतं. बर्लिनमध्ये लिलाव ठरला होता. तेव्हा ऑक्सफर्डचं बोडलियन ग्रंथालय आणि मारबाखचं जर्मन साहित्य अभिलेखागार यांनी एकमेकांवर बोली चढवण्याऐवजी हात मिळवले, पैसे एकत्र केले आणि लिलावाआधीच ती मिळून विकत घेतली. दोन देशांतल्या दोन संस्था आज त्यांच्या संयुक्त मालक आहेत. संग्राहकांना खलनायक ठरवायचं कारण नाही, त्यांनी जपली नसती तर पुष्कळ पत्रं रद्दीत गेली असती. पण तिजोरीतल्या पत्रावर शंका घ्यायची झाली तर ती तपासणार कुठून?

मराठीत लिलावांपेक्षा पुस्तकांनी हे काम जास्त केलं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहायचे, लोकांत फारसे मिसळायचे नाहीत, पण पत्रं मात्र लांबलचक लिहायचे. त्यांची सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रं 'जी.एं.ची निवडक पत्रे' या मालिकेत आली, तर सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात. एकाच संवादाच्या दोन बाजू दोन वेगळ्या पुस्तकांत! पत्रव्यवहाराचं हेच असतं. तुम्ही लिहिलेलं दुसऱ्याच्या घरात, त्याचं तुमच्या घरात. एका घराने आवराआवरीत गठ्ठा फेकला, की अर्धा संवाद गेला.

तर घरात असा गठ्ठा सापडलाच, तर लॅमिनेशन करू नका. उष्णता आणि प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नंतर काढता येत नाही. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पिवळा पडून शाई खातो. घड्या उघडून सपाट ठेवा, उन्हापासून आणि पावसाळी भिंतीपासून लांब. पाकीट आवर्जून ठेवा, कारण लेखक तारीख घालायला विसरतात, पोस्टाचा शिक्का विसरत नाही. आणि हे पत्र घरात कुणाला, कसं आलं हे सांगणारी आजी अजून असेल, तर ते एका वेगळ्या कागदावर आजच लिहून घ्या.