बांका बेटावरची साक्षीदार

१/ डिसेंबर १९४६. टोकियोतील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणासमोर व्हिव्हियन बुलविंकेल ही ऑस्ट्रेलियन परिचारिका साक्षीला उभी राहिली. ती जे सांगणार होती, ते तिने साडेतीन वर्षांच्या कैदेत एकाही पहारेकऱ्याला कळू दिले नव्हते.

२/ फेब्रुवारी १९४२. जपानी फौजा सिंगापूरला भिडल्या होत्या. ऑस्ट्रेलियन लष्कराच्या परिचारिकांना शहर सोडण्याचा हुकूम झाला. जखमींना टाकून जाणे त्यांना मान्य नव्हते. पण हुकूम मोडता येईना. १२ फेब्रुवारीला ६५ जणी ‘व्हायनर ब्रुक’ जहाजावर चढल्या.

३/ १४ फेब्रुवारीला सुमात्राजवळच्या बांका सामुद्रधुनीत जपानी विमानांनी ते जहाज बुडवले. १२ परिचारिका समुद्रात नाहीशा झाल्या, ३१ कैद झाल्या आणि २२ जणी बांका बेटाच्या राजी किनाऱ्याला लागल्या.

४/ तेथील लोकांनी शरण जाण्याचे ठरवले. जहाजाचा एक अधिकारी मुंटोक गावी निरोप घेऊन गेला. स्त्रिया व मुलेही त्या वाटेने निघाली. परिचारिका मात्र थांबल्या, कारण जखमी चालू शकत नव्हते.

५/ १६ फेब्रुवारीला जपानी सैनिक आले. त्यांनी पुरुषांना आडोशाला नेऊन ठार केले. मग परिचारिकांना समुद्रात चालत जाण्यास फर्मावून मागून मशीनगन चालवली. २१ जणी मारल्या गेल्या. बुलविंकेलच्या कमरेच्या वरून गोळी आरपार गेली. ती लाटांवर निपचित पडून राहिली.

६/ पुढे १२ दिवस तिने जंगलात लपून किंग्सले या जखमी ब्रिटिश सैनिकाची शुश्रूषा केली. अखेर दोघेही शरण गेले. गणवेशावरचे गोळीचे छिद्र तिने खांद्याला अडकवलेल्या पाण्याच्या बाटलीआड झाकले. किंग्सले लवकरच मरण पावला.

७/ छावणीत तिने सहकारी परिचारिकांना सारे सांगितले. बाहेर शब्द फुटला, तर तिच्यासह ऐकणाऱ्याही जिवानिशी जातील, हे सर्वांनी ओळखले. गुपित अखेरपर्यंत राहिले. कैदेतील ३२ परिचारिकांपैकी ८ जणी रोगराईने व उपासमारीने दगावल्या. २४ मायदेशी परतल्या.

८/ राजी किनाऱ्याची हकिकत टोकियोपर्यंत पोहोचली, ती या सामूहिक मौनामुळे. एकीने जिवंत राहून ती जपली. इतरांनी ओठ मिटून तिला जपले.

९/ २०२३ मध्ये कॅनबेरातील युद्धस्मारकात बुलविंकेलचा पुतळा उभारला गेला. त्याच्या तळाशी पोलादाच्या २२ चकत्या बसवल्या आहेत.