जालना, हैदराबाद आणि रहीमसाहेब

हल्ली प्रत्येक मोठ्या फुटबॉल संघाबरोबर एक 'स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच' असतो. नाव उच्चारतानाच धाप लागते! आपण साधं 'फिटनेसचे सर' म्हणू. गोल कसा मारायचा हे ते शिकवत नाहीत. मांड्या, पोटऱ्या, पाठ आणि दम तयार करायचा, दुखापती टाळायच्या आणि ऐंशीव्या मिनिटालाही खेळाडूला पहिल्यासारखं पळता आलं पाहिजे हे बघायचं, हे त्यांचं काम. चांगला खेळाडू एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर धावतो, तेही सरळ नाही. थांबत, वळत, उड्या मारत, धडका खात. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, या सरांचं कधीच येत नाही.

हे पद आपल्याकडे नव्हतं तेव्हा हे काम कोण करत असे? त्याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या जुन्या राजधानीपर्यंतच.

जालन्याची जुनी राजधानी म्हणजे हैदराबाद, हे इथल्या नव्या पोरांना सांगावं लागतं. आज जालना म्हटलं की एमआयडीसी, सळईच्या मिल्स आणि बियाणं. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. (तेव्हा जालना हा जिल्हासुद्धा नव्हता, तो झाला १९८१ साली.) आमच्या अण्णांचं सुरुवातीचं शिक्षण उर्दूतून झालं होतं, आणि म्हातारपणीही ते हिशेब मांडताना मनातल्या मनात उर्दू आकडे म्हणायचे.

त्याच हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होते. जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेले. १९४३ च्या सुमारास त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रं घेतली आणि १९६३ साली डोळे मिटेपर्यंत प्रशिक्षकाचं काम सोडलं नाही. १९५० पासून भारतीय संघही त्यांच्याच हाताखाली घडला. २०२४ मध्ये अजय देवगणचा 'मैदान' आला तेव्हा आमच्या मिलमधल्या पोरांना हे नाव पहिल्यांदा कळलं.

सिनेमात भाषणं खूप आहेत. मला त्यांची तालीम जास्त महत्त्वाची वाटते. हैदराबादेत ते पोरांच्या अशा स्पर्धा भरवायचे की ज्यात ड्रिब्लिंग करायलाच बंदी. चेंडू आला की दुसऱ्याला द्या आणि पळा. आणखी एक प्रकार म्हणजे फक्त कमजोर पायाने खेळायची स्पर्धा! उजव्याने खेळणाऱ्याने डावाच वापरायचा. वरवर पाहता हे कौशल्याचं शिक्षण, पण जरा विचार करा. चेंडू पायात घोळवता येत नसेल तर मोकळी जागा शोधत सतत धावावं लागतं, म्हणजे दम आपोआप वाढतो. आणि एकाच पायावर सगळा भार टाकणारा खेळाडू कधी ना कधी जायबंदी होतो, हे आजचे फिटनेसचे सर सांगतातच. व्यायाम वेगळा आणि खेळ वेगळा असं रहीमसाहेबांनी ठेवलंच नाही.

या तालमीची फळं लगेच दिसली. हैदराबाद सिटी पोलीसने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ सलग पाच वेळा जिंकला. १९५१ च्या दिल्लीतल्या एशियाडमध्ये भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० हरवून सुवर्ण मिळवलं. ते सामने ऐंशी मिनिटांचे होते. आपल्या देशातले बहुतेक सामने तर त्या काळी सत्तर मिनिटांचेच असायचे. म्हणजे सत्तर मिनिटांच्या सवयीचे पाय घेऊन नव्वद मिनिटांच्या जगात जायचं! वर बरेचसे खेळाडू अनवाणी. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. बूट घालणं म्हणजे नुसती खरेदी नव्हे. पायाला वजन आलं की पाऊल पडण्याची तऱ्हा बदलते, पोटऱ्यांवरचा ताण बदलतो. अनवाणी वाढलेल्या माणसाला ते नव्याने अंगवळणी पाडावं लागतं.

चारच वर्षांनी मेलबर्न. १ डिसेंबर १९५६ ला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. आसगावात जन्मलेल्या, मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट-ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच भेटला आणि आपण १-४ हरलो, शेवटी चौथे आलो. पण १०-१ वरून ४-१!

तारखा बघितल्यात? मराठवाडा हैदराबादमधून बाहेर पडला १ नोव्हेंबरला आणि हैदराबादी खेळाडूंनी भरलेला संघ मेलबर्नला जिंकला बरोबर एका महिन्याने. अण्णांना १ नोव्हेंबर पक्का आठवायचा, १ डिसेंबर अजिबात नाही. मला त्यात नवल वाटत नाही. निजामी राजवट आणि रझाकारांची जखम १९४८ नंतर इतकी ताजी होती की 'हैदराबाद' आणि 'पोलीस' हे दोन शब्द एकत्र आले की इथल्या माणसाच्या कपाळाला आठीच पडायची. त्या नावाच्या संघावर कोण प्रेम करणार? राजवटीबरोबर तिथला एक चांगला मास्तरही आपण विसरून आलो. कोल्हापूरकरांचं बघा, त्यांनी पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशा नावांनी कुस्तीचा आखाडा आणि फुटबॉल एकत्र नांदवला. आपल्याकडे तसं काही रुजलं नाही.

असो. रहीमसाहेबांची खरी परीक्षा १९६२ ला जकार्तात झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. मग थायलंड, जपान, दक्षिण व्हिएतनाम आणि अंतिम फेरीत पुन्हा कोरिया. दहा दिवसांत पाच सामने! आमच्या मिलमध्ये सळई रोलमधून लालबुंद निघते, पाण्याने वरून एकदम थंड होते, आणि मग आतली उष्णता सावकाश बाहेर येत तिला चिवटपणा देते. ते शेवटचं थांबणं चुकवलं तर सळई ठिसूळ. माणसाच्या शरीराचंही तसंच, ताणाइतकीच विश्रांती लागते. ती मिळायला जकार्तात दिवसच नव्हते. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले, तर रहीमसाहेबांनी त्याला पुढे आघाडीवर खेळवलं. राजकीय वादामुळे सगळं स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. ४ सप्टेंबरला आपण २-१ जिंकलो. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा त्याच जर्नेलसिंगचा.

तेव्हा रहीमसाहेब स्वतः कर्करोगाने पोखरले गेले होते. इतरांच्या छातीत दम भरणारा माणूस पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ ला गेला. त्यानंतर एशियाडच्या फुटबॉलमध्ये भारताला आजवर एकच पदक मिळालंय, १९७० चं बँकॉकचं कांस्य. त्या संघाचा कर्णधार होता सय्यद नईमुद्दीन, हैदराबादचाच. पुढे प्रशिक्षक झाल्यावर फिटनेसच्या बाबतीत इतका कडक की खेळाडू टरकून असायचे. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, रहीमसाहेब गेल्यावर बावीस वर्षांनी. नईमुद्दीनना तो १९९० मध्ये मिळाला.