चिनी स्थलांतरितांचं दफन : हाडं वतनाला नेण्याची रीत

मय्यतीला उशीर करू नये, ही आपल्याकडची शिकवण. गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज आणि शक्यतो जिथे इंतकाल झाला तिथल्याच कब्रस्तानात दफन. त्यामुळे पुरलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी बाहेर काढून, स्वच्छ करून समुद्रापार त्याच्या गावी पाठवायची, हे ऐकायला आपल्याला विचित्रच वाटतं. पण एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणींत आणि रेल्वेच्या कामावर गेलेल्या हजारो चिनी मजुरांची हीच रीत होती.

हे बहुतेक लोक दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे ते पांगले; बायकामुलं गावीच राहिली. चिनी रिवाजात पूर्वजांच्या कबरीची देखभाल मुला-नातवंडांनी करायची असते. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग सण येतो. तेव्हा घरचे सगळे कबरीवर जातात, गवत काढतात, जेवण मांडतात, उदबत्त्या लावतात आणि मेलेल्याला पलीकडच्या जगात खर्चाला मिळावेत म्हणून कागदी नोटा जाळतात. परमुलखात पुरलेल्यासाठी हे करणार कोण? तो उपाशी भटकत राहील, ही खरी भीती होती. (सगळे चिनी असं मानतात असं मात्र नाही. चीनमधले हुई मुसलमान आपल्यासारखंच कफनात, पेटीशिवाय आणि लवकर दफन करतात.)

म्हणून परदेशातली कबर ही तात्पुरती मानली जायची. ग्वांगडोंगमध्ये एरवीही दोनदा दफन करायची पद्धत होती. काही वर्षांनी कबर उघडायची, हाडं पुसून मडक्यात भरायची आणि कायमच्या जागी ठेवायची. परदेशात मडक्याच्या जागी पेटी आली आणि मध्ये समुद्र आला.

एकट्यादुकट्याला हे झेपणारं नव्हतं. एकाच मुलखातून आलेल्यांच्या संघटना होत्या, आपल्याकडच्या जमातीसारख्या. त्या वर्गणी घेत, कबरींची नोंद ठेवत आणि वेळ आली की पेट्या जहाजावर चढवत. पेट्या आधी हाँगकाँगला उतरायच्या. तिथल्या तुंग वाह हॉस्पिटलनं (स्थापना १८७०) ही जबाबदारी धर्मादाय म्हणून उचलली होती. १८९९ पासून त्यांची शवपेट्या ठेवायची खास वास्तू सँडी बे इथे आहे. पेटी तिथे थांबायची आणि मग पुढे गावाकडे रवाना व्हायची.

न्यूझीलंडमधला किस्सा यात सगळ्यात हृदयाला भिडणारा आहे. डनेडिनचे व्यापारी चॉई सू होई यांनी खाणमजुरांची हाडं घरी पाठवायच्या कामात पुढाकार घेतला होता. १९०१ मध्ये तेच वारले. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘व्हेंटनर’ जहाज ४९९ जणांचे अवशेष घेऊन निघालं, त्यात त्यांचाही देह होता. पेट्यांची राखण करायला काही म्हातारे चिनी सोबत होते. तारानाकीच्या किनाऱ्याजवळ जहाज खडकावर आपटलं आणि दुरुस्तीसाठी ऑकलंडकडे जाताना होकिआंगाजवळ बुडालं. १३ माणसं गेली. पुढे हाडं किनाऱ्याला लागायला लागली. तिथल्या ते रोरोआ आणि ते रारावा या माओरी जमातींनी ती गोळा करून आपल्या माणसांजवळ पुरली. ना ओळख, ना भाषा, ना धर्म एक! ही आठवण त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली. एकविसाव्या शतकात चिनी वंशजांपर्यंत ती पोहोचली, तेव्हा ते आभार मानायला तिथे गेले. २०२१ मध्ये होकिआंगात स्मारकही उभं राहिलं.

१९३७ ला जपानशी युद्ध पेटलं आणि १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली. हाडांची वाट हळूहळू बंद झाली. मग जिथे मरण, तिथेच कायमची माती. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या घरी ‘मय्यत गावी आणायची की तिथेच दफन करायची’ हा प्रश्न आपणही ऐकतो. चिनी कुटुंबांसाठी तो राजकारणानंच सोडवला.

पण कायमची म्हणजे किती काळ? सिंगापूरचं बुकित ब्राउन हे चिनी कब्रस्तान १९२२ मध्ये सार्वजनिक झालं आणि १९७३ मध्ये बंद झालं. तिथे सुमारे एक लाख कबरी होत्या. गेल्या दशकात मधून मोठा रस्ता काढला आणि हजारो कबरी हलवल्या. लोकांनी विरोध केला, कबरींची नोंद केली, रस्ता मात्र झालाच. आता त्या देशात नव्या कबरीला १५ वर्षांचीच मुदत आहे. मुदत संपली की चिनी कुटुंबं बहुधा अवशेषांचं दहन करून अस्थी कलशात ठेवतात. मुसलमानांच्या कबरीही या नियमातून सुटलेल्या नाहीत. दहन आपल्यात चालत नाही, म्हणून ते अवशेष काढून कमी जागेत, अनेकांचे एकत्र, पुन्हा दफन केले जातात.