पंक्चरवाला आणि रस्ता

समाजमाध्यमांवर मुसलमानाशी वाद घालताना मुद्दे संपले की एक शब्द हमखास येतो, 'पंक्चरवाला'. १४ एप्रिल २०२५ रोजी हिसारच्या सभेत वक्फवर बोलताना पंतप्रधानही म्हणाले की, वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांवर सायकलचे पंक्चर काढत आयुष्य घालवण्याची वेळ आली नसती. असे काही झाले की आपल्याकडून डॉक्टर, शास्त्रज्ञ, सनदी अधिकारी यांच्या नावांच्या याद्या फिरू लागतात. त्या याद्या वाचताना मला अस्वस्थ वाटते. पंक्चर काढणे ही लाजेची गोष्ट आहे, हे त्यातून आपणही नकळत मान्य करत असतो.

पंक्चरवाल्याच्या धर्माबद्दल पुष्कळ बोलले जाते. तो जे वाहन दुरुस्त करतो त्याचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज थोडा सायकलचा इतिहास पाहू.

आज आपण वापरतो त्या घडणीची, दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी बाजारात आणली. तीन वर्षांनी जॉन डनलॉप यांनी हवेचे टायर आणले आणि पंक्चर काढणाऱ्याची गरज निर्माण झाली. भारतात सायकल आधी साहेबाकडे आली, मग वकील-मास्तरांकडे. कामगाराला ती परवडू लागली ती देशी कारखाने उभे राहिल्यावर. १९३९ मध्ये मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो.

पुण्याची 'सायकलींचे शहर' ही ओळख याच काळात पक्की झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना असो की पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत रात्रपाळीचा यंत्रमाग कामगार सायकलनेच घरी यायचा. सायकलवर कर होता, तो भरून बिल्ला लावावा लागे. दिवा नसला की पोलीस अडवत, डबलसीट दिसले की दंड होई. त्रास होता खरा, पण त्याचा एक अर्थ असाही होता की सरकारला सायकलस्वार दिसत होता.

सायकलीसोबत चौकाचौकात दुरुस्तीची दुकाने आली. हा धंदा फक्त मुसलमानांचा कधीच नव्हता. महाराष्ट्रातल्या महामार्गांवर टायरची कामे करणारे केरळी कितीतरी दिसतात. पण ज्यांच्याकडे शेती नाही, शिक्षण नाही आणि भांडवलही नाही, त्यांना हा धंदा जवळचा होता. एक पंप, घमेलेभर पाणी, कानस, सोल्यूशन आणि जुन्या ट्यूबचे तुकडे एवढ्यावर दुकान सुरू होई. पुढे हात बसला की चाकाचा आउट काढणे, बेअरिंग बदलणे, वेल्डिंग अशी कामे येत. अनेक मोटार मेकॅनिक याच दुकानांत घडले.

सायकलने माणसाला काय दिले, हे पाहायला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात जावे लागेल. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवण्याची कल्पना जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी आणली. हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्यावर लिहिले आहे. त्यांत शेतमजूर होत्या, दगडखाणीत काम करणाऱ्या होत्या, अंगणवाडी सेविका होत्या आणि जुन्या वळणाच्या घरांतल्या मुस्लिम तरुणीही होत्या. टिंगल झाली, टोमणे मारले गेले. पण पाणी आणायला, बाजारात माल न्यायला नवऱ्याची किंवा बसची वाट पाहणे संपले.

मग ही सायकल रस्त्यावरून गेली कुठे? स्कूटर, मोपेड आली, उत्पन्न वाढले, अंतरे वाढली, हे सगळे खरे आहे. पण रस्ते ज्या हिशेबाने आखले गेले तो हिशेबही पाहिला पाहिजे. वाहतूक अभियंते रस्त्यावरची गर्दी मोटारीच्या मापात मोजतात. मोटार म्हणजे एक, तर सायकल साधारण अर्धी किंवा त्याहून कमी. मोटारीत एकटा माणूस असला तरी तो एक आणि सायकलवरचा माणूस अर्धा! माप जागेचे आहे, माणसाचे नाही. त्या मापाने रस्ता रुंद केला की तो मोटारीसाठीच रुंद होतो.

या दृष्टीने २००६ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी केंद्र सरकारचे राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आले. वाहने हलवायची नसून माणसे हलवायची आहेत, हा त्याचा गाभा होता. त्यात पादचारी आणि सायकलस्वारांच्या हक्काच्या जागेचा विचार होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. मुस्लिम पुरुष कामगारांपैकी १२ टक्क्यांहून अधिक रस्त्यावर विक्री करून पोट भरतात आणि देशाची सरासरी ८ टक्क्यांहून कमी आहे, अशी नोंद त्यात आहे. ही दोन कागदपत्रे कोणी शेजारी ठेवून वाचली नाहीत. पाववाला, भंगारवाला, सुरीला धार लावणारा यांच्यातले कितीतरी जण सायकलवरच असतात. वाहतुकीचे धोरण हा त्यांच्या रोजीचा प्रश्न आहे.

डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बीआरटी सुरू झाली आणि कडेला सायकलमार्गही झाले. पुढे इतर रस्त्यांवरही झाले. पण कुठे मध्येच विजेची डीपी, कुठे झाड, कुठे उभ्या मोटारी, आणि चौक आला की मार्ग गायब. जिथे सायकलस्वाराला सर्वांत जास्त धोका, नेमकी तिथेच त्याची सोबत सुटलेली! डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या, पण थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या.

कोलकात्यात तर २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी झाली. नंतर रस्त्यांची संख्या कमी करावी लागली, कारण दूधवाला, पेपरवाला, फेरीवाला जाणार कुठून? आणि सायकलवाले मूठभर होते असेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, मोटार ५ टक्क्यांहूनही कमी घरांत.

'युरोपची गोष्ट वेगळी' असे काही जण म्हणतील. पण नेदरलँड्समध्येही युद्धानंतर मोटारी वाढल्या आणि सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने 'मुलांची हत्या थांबवा' अशी हाक दिली आणि आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही विचार करायला लावले. आजचे डच सायकलमार्ग त्या दबावातून आणि पुढच्या अनेक वर्षांच्या खर्चातून झाले आहेत. ते लोक जन्मतःच सायकलप्रेमी होते म्हणून नव्हे.

आपल्याकडे मागण्या साध्या आहेत. सायकलमार्ग चौकातही तुटू नये. जिथे माणसे आणि वाहने एकत्र चालतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत असावा, हे तर २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही आहे. बस आणि रेल्वे स्थानकांवर सायकल ठेवायला सुरक्षित जागा हवी. दुरुस्तीवाल्याला अतिक्रमण समजून उचलून नेण्याऐवजी त्याला परवाना आणि हक्काची जागा द्यावी. सायकलमार्ग बांधायचा आणि सायकल दुरुस्त करणाऱ्याला हाकलायचे, हे धोरण नव्हे.

काही प्रश्न आपल्यालाही आहेत. जुम्म्याच्या नमाजेला अर्ध्या किलोमीटरवरून आपण मोटारसायकल काढतो आणि मशिदीसमोरचा रस्ता अडवतो. नगरसेवकाकडे कमान मागतो, पण मोहल्ल्यातून शाळेपर्यंत मुलांना सुखरूप सायकलने जाता येईल असा रस्ता मागत नाही. मुलगी आठवीत गेली की तिची सायकल भावाला देऊन टाकतो. पुदुकोट्टईच्या बायकांनी तीस वर्षांपूर्वी जे केले, ते आपल्या मुलींना का जमू नये?

पंक्चरवाल्याच्या मुलाने शिकावे, डॉक्टर व्हावे, त्याला वाटले तर सायकलचे मोठे दुकान काढावे. त्याच्यावर बापाचा धंदा लादला जाऊ नये, ही आपली मागणी असलीच पाहिजे. पण त्यासाठी बापाच्या कामाची लाज धरायचे कारण नाही. पुढच्या वेळी कोणी हा शब्द तोंडावर फेकला, तर नावांची यादी काढू नका. सायकलस्वाराला घरी सुखरूप पोहोचवण्याच्या कामात पंक्चरवाल्याने आपला वाटा उचलला आहे. रस्ते बांधणाऱ्यांनी त्यांचा किती उचलला, एवढेच विचारा.