डाव्या हाताचं घराणं

‘बूगी-वूगी’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो १९९६ साली सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या नाचाच्या स्पर्धेमुळे. जावेद जाफरी आणि रवी बहल यांच्यासमोर थिरकणाऱ्या पोरांना हे नाव आलं कुठून, याची उठाठेव करायचं काही कारण नव्हतं. नाव म्हणजे नाच, एवढं त्यांना पुरे होतं. गंमत अशी, की त्याच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधी ज्या तबकडीनं हे नाव गाजवलं, तिच्यातही एक माणूस नाचच शिकवत होता. पियानो वाजवता वाजवता तो समोरच्यांना हुकूम सोडत होता. त्याचं नाव क्लॅरेन्स स्मिथ, टोपणनाव ‘पाइनटॉप’. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. ती तबकडी बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच तो गेला.

स्मिथनं बूगी-वूगी शोधून काढली का? नाही. ती त्याच्या आधीपासून वाजत होती, आणि तिची कुळकथा सुरू होते ती पियानिस्टाच्या डाव्या हातापासून.

ब्लूजचं एक आवर्तन बारा मापांचं असतं आणि प्रत्येक मापात चार मात्रा. पहिली चार मापं षड्जावर, पुढची दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटची दोन पुन्हा षड्जावर. या चौकटीत बूगी-वूगीचा डावा हात प्रत्येक मात्रेला दोनदा पडतो, म्हणजे मापाला आठ ठोके. त्याच्या अनेक चाली आहेत. सर्वांत ओळखीची घ्यायची तर सा, ग, प, ध, कोमल नी आणि आल्या वाटेनं परत ध, प, ग. घरात हार्मोनियम असेल तर करून बघावं. पहिलं आवर्तन सहज जातं, तिसऱ्यात मनगट भरून येतं. बूगी-वूगी वाजवणारा हे रात्रभर करायचा आणि त्याच वेळी उजव्या हातानं वेगळ्याच वजनाचे तुकडे फेकायचा. हे तुकडे डाव्या हाताच्या लयीला आडवे जात, पण खालची चाल ढळत नसे. दोन हात दोन माणसांचे असावेत असं ऐकणाऱ्याला वाटे. हा काही डाव्या हाताचा मळ नव्हता.

डाव्या हाताला एवढं राबवायची गरज का पडली, याचं उत्तर पूर्व टेक्सास आणि लुइझियानाच्या पाइनच्या जंगलांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं लाकूडतोडीच्या छावण्या होत्या, टर्पेंटाइन गाळणाऱ्यांच्या वस्त्या होत्या आणि माल वाहून नेणारे लोहमार्ग होते. मजूर बहुतेक काळे. कामावरून सुटल्यावर त्यांच्या करमणुकीसाठी एखादी खोपटवजा जागा असे. तिथं दारूची पिंपं, जुगाराचं टेबल आणि एका कोपऱ्यात पियानो. अशा जागेला बॅरलहाउस म्हणत. पियानोची देखभाल कुणी करत नसे, त्यामुळे तो बेसूर. ढोल वाजवणारा नाही, बास वाजवणारा नाही, गलका मात्र भरपूर. नाचणाऱ्यांना ठेका ऐकू गेला पाहिजे, तर तो एकट्या पियानिस्टनंच द्यायचा. ढोल आणि बास या दोघांचं काम त्याच्या डाव्या हातावर आलं. पियानिस्ट मालगाडीत चढून एका छावणीतून दुसरीत जात, आणि रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांची लय या संगीतात उतरली, असं जुने वादक सांगत. टेक्सासकडचा हा बाज ‘फास्ट वेस्टर्न’ या नावानंही ओळखला जाई.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. या नदीचं मूळ विचारलं, तर उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही. छावण्यांमधल्या पियानिस्टांना ना स्वरलिपी लिहायची होती, ना त्यांच्यापर्यंत ध्वनिमुद्रणाचं यंत्र पोचलं होतं. कागदावर पहिल्या खुणा सापडतात त्या ह्यूस्टनच्या थॉमस घराण्याच्या. जॉर्ज थॉमसनं १९१६ साली ‘न्यू ऑर्लीन्स हॉप स्कॉप ब्लूज’ छापला. त्यात या डाव्या हाताची चाहूल स्पष्ट लागते. पुढे जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ हर्सल यांनी मिळून ‘द फाइव्ह्ज’ नावाची रचना केली. ती १९२२ साली छापून आली. ब्लूज गायिका सिपी वॉलेस ही त्यांची बहीण. हर्सल शिकागोत आला तेव्हा वयानं पोरगाच होता, पण तिथले तरुण पियानिस्ट त्याचा हात बघून थक्क होत. विशीच्या उंबरठ्यावर, १९२६ साली, तो डेट्रॉइटमध्ये वारला.

तोवर दक्षिणेतली लाखो काळी माणसं कारखान्यांतल्या मजुरीसाठी उत्तरेकडे निघाली होती. शिकागोच्या दक्षिण भागात त्यांची वस्ती दाटली आणि घरमालकांनी भाडी मनमानी वाढवली. त्यावर तोड निघाली ती ‘रेंट पार्टी’ची. शनिवारी रात्री खोलीतलं सामान भिंतीला सरकवायचं, येणाऱ्याकडून थोडे पैसे घ्यायचे, दारूबंदी असली तरी घरी गाळलेली दारू विकायची आणि महिन्याचं भाडं उभं करायचं. पियानिस्टला खाणंपिणं फुकट. बॅरलहाउसचा डावा हात इथं भाड्याच्या खोलीत आला. या पार्ट्यांमधला वडीलधारा वादक म्हणजे जिमी यान्सी. तो लहानपणी नाचणारा होता आणि नाचगाण्याच्या एका कंपनीबरोबर युरोपात जाऊन आला होता. पुढे पोटासाठी त्यानं व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानाची निगा राखण्याची नोकरी धरली आणि ती कित्येक वर्षं केली. त्याची एक खोड होती: रचना कुठल्याही पट्टीत असो, शेवट तो ई फ्लॅटवरच करायचा. त्याचं वादन तबकडीवर आलं ते थेट १९३९ साली.

स्मिथची वाट वेगळी होती. त्याचा जन्म ११ जून १९०४ रोजी अलाबामातल्या ट्रॉय गावी झाला. लहानपणी झाडांवर चढायचा नाद होता, म्हणून ‘पाइनटॉप’. तो बर्मिंगहॅममध्ये वाढला आणि सोळाच्या आसपास पिट्सबर्गला गेला. पुढची काही वर्षं त्यानं काळ्या प्रेक्षकांसाठी चालणाऱ्या ‘टोबा’ या नाट्यगृहांच्या साखळीत काढली. तिथं तो पियानो वाजवी, गाई आणि विनोदही करी. मा रेनीसारख्या गायिकेला, बटरबीन्स अँड सूझी या विनोदी जोडीला त्यानं साथ केली. म्हणजे स्मिथ हा मुळात रंगमंचावरचा माणूस होता. प्रेक्षकांना बोलतं ठेवणं हा त्याच्या पोटापाण्याचा भाग होता. त्याच्या तबकडीचं यश समजून घ्यायचं तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

‘काउ काउ’ या टोपणनावानं ओळखला जाणारा पियानिस्ट चार्ल्स डेव्हनपोर्ट त्याला भेटला आणि त्यानं त्याची शिफारस व्होकॅलियन कंपनीच्या जे. मेयो विल्यम्सकडे केली. विल्यम्स काळ्या कलावंतांच्या तबकड्या काढणारा त्या काळचा सर्वांत चलाख माणूस होता. १९२८ साली स्मिथ बायको-मुलासह शिकागोला आला. ज्या इमारतीत खोली घेतली, तिथंच अल्बर्ट अॅमन्स आणि मीड लक्स लुइस राहत होते. तेही पियानिस्ट, दिवसा टॅक्सी चालवणारे. एका छपराखाली बूगी-वूगीचे असे तीन हात जमले. ही आपली बूगी-वूगी तू शीक, असं स्मिथनं आपल्याला बजावलं होतं, असं अॅमन्स पुढे सांगत असे.

२९ डिसेंबर १९२८ रोजी स्मिथ ध्वनिमुद्रणाला बसला. त्या काळच्या दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत.  

त्या तीन मिनिटांत स्मिथनं दोन कामं केली. सुरुवातीला वरच्या पट्टीत थरथरणारे सूर, मग खाली डाव्या हाताची चाल, आणि तिच्यावर गप्पांच्या सुरातलं त्याचं बोलणं. ही आपली बूगी-वूगी आहे, असं तो आधी जाहीर करतो. मग लाल कपड्यातल्या एका मुलीला पुढे बोलावतो. मी थांब म्हटलं की कुणी हलायचं नाही, मी सांगितलं की अंग घुसळायचं, असा नियम घालून देतो. तो थांब म्हणतो आणि त्याच क्षणी पियानोही थबकतो. ठोके अचानक गायब होतात, ऐकणारा एक पाऊल हवेत ठेवून उभा राहतो, आणि पुढच्या क्षणी डावा हात दुप्पट जोरानं परत येतो. या थबकण्याच्या युक्तीमुळे ती तबकडी लोकांना चटकन पाठ झाली. स्टुडिओत ना लाल कपडेवाली होती ना नाच. होता तो टोबाच्या रंगमंचावर तयार झालेला एक बोलका माणूस, आणि त्यानं निव्वळ बोलण्यातून समोर गर्दी उभी केली.

याच्या आधी कुणीच काही केलं नव्हतं, असं नाही. जिमी ब्लाइदची ‘शिकागो स्टॉम्प’ १९२४ सालची. लुइसची ‘हॉन्की टॉन्क ट्रेन ब्लूज’ १९२७ च्या डिसेंबरात मुद्रित झाली होती आणि वादन म्हणून ती स्मिथच्या तबकडीपेक्षा अवघड आहे. पण ‘बूगी-वूगी’ हे नाव मथळ्यात घेऊन गाजलेली पहिली तबकडी स्मिथची. ‘पाइन टॉप्स बूगी वूगी’ निघेपर्यंत हा बाज प्रत्येक गावात वेगळ्या नावानं किंवा नावाशिवाय वाजत होता. त्यानंतर त्याला एकच नाव उरलं.

जानेवारी १९२९ मध्ये स्मिथनं आणखी काही गाणी दिली. त्यांत ‘नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट’ होतं. बेसी स्मिथच्या आवाजात ते अजरामर झालं, पण तिची तबकडी नंतरची, मे महिन्यातली. पुढच्या ध्वनिमुद्रणाची तयारी चालू असतानाच, १५ मार्च १९२९ रोजी, शिकागोच्या एका नाचघरात भांडण पेटलं, गोळी सुटली आणि ती स्मिथला लागली. गोळी त्याच्यासाठी होती की दुसऱ्या कुणासाठी, याबद्दल सांगणाऱ्यांचं एकमत नाही. त्याचं एकही छायाचित्र उपलब्ध नाही.

त्याच वर्षी मंदी आली, तबकड्यांचा धंदा बसला आणि बूगी-वूगी परत भाड्याच्या खोल्यांत गेली. तिला बाहेर काढणाऱ्यांत जॉन हॅमंड हा ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला जाणकार आघाडीवर होता. लुइसची जुनी तबकडी ऐकून तो त्याच्या शोधात निघाला, आणि १९३५ साली लुइस त्याला शिकागोत गाड्या धुताना सापडला. २३ डिसेंबर १९३८ रोजी हॅमंडनं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लुइस, अॅमन्स आणि कॅन्सस सिटीचा पीट जॉन्सन यांना मंचावर आणलं. दोनच आठवड्यांनी, ६ जानेवारी १९३९ रोजी, जर्मनीतून आलेल्या आल्फ्रेड लायननं लुइस आणि अॅमन्सचं ध्वनिमुद्रण केलं. ब्लू नोट या कंपनीची सुरुवात तिथं झाली. स्मिथच्या तबकडीवरून टॉमी डॉर्सीच्या मोठ्या बँडनं बसवलेली ‘बूगी वूगी’ १९३८ सालीच आली होती आणि युद्धाच्या काळात ती तुफान खपली. न्यूयॉर्कला आलेला डच चित्रकार पीट मोंद्रियान या संगीताच्या इतका नादी लागला, की त्याच्या प्रसिद्ध चित्राचं नाव ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ आहे.

पुढची पिढी तर उघड वारस. रे चार्ल्सची १९५३ सालची ‘मेस अराउंड’ ऐकली की स्मिथची तबकडी ओळखू येते, सूचना देण्याच्या लकबीसकट. रचनाकार म्हणून नाव लागलं ते अॅटलांटिक कंपनीच्या अहमद एर्तेगुनचं. रे चार्ल्सच्याच १९५९ सालच्या ‘व्हॉट्ड आय से’मध्ये लाल कपड्यातली मुलगी पुन्हा येते. बूगी-वूगीच्या डाव्या हातावर रॉक अँड रोल उभं राहिलं आणि त्याची लाट मुंबईच्या स्टुडिओंपर्यंत आली. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५७ साली ‘आशा’साठी केलेलं ‘ईना मीना डीका’ त्याच लाटेवरचं.

नावालासुद्धा वारस मिळाला. मिसिसिपीचा जो विली पर्किन्स स्मिथची ती रचना इतकी वाजवायचा, की लोक त्यालाच ‘पाइनटॉप’ म्हणू लागले. १९५३ साली त्यानं ती मेम्फिसला सन स्टुडिओत मुद्रित केली. २०११ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्याला ग्रॅमी मिळालं आणि पुढच्याच महिन्यात तो गेला. उसनं घेतलेलं नाव मूळ मालकापेक्षा ब्याऐंशी वर्षं जास्त जगलं.

तेव्हा या घराण्याचा हिशेब मांडायचा तर तो दोन खात्यांत मांडावा लागतो. नाव, बोलणं आणि थबकण्याची युक्ती स्मिथची, आणि ती त्याला बिनतक्रार द्यावी. डावा हात मात्र टेक्सासच्या छावण्यांतल्या पियानिस्टांचा. आपण या घराण्याची सुरुवात २९ डिसेंबर १९२८ पासून धरतो, त्याचं कारण एवढंच, की स्मिथपर्यंत कंपनी पोचली आणि त्यांच्यापर्यंत पोचली नाही.