प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम रीमेक
प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम रीमेक ही २००३ मधील याच नावाच्या व्हिडिओ गेमची नियोजित नवी आवृत्ती होती. ही मालिका जॉर्डन मेकनर यांच्या १९८९ मधील खेळापासून सुरू झाली. उंच उड्या आणि सापळे चुकवणे हा तिचा गाभा होय. नव्या आवृत्तीचे काम युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे होते.

सप्टेंबर २०२० मध्ये पहिली झलक प्रसिद्ध होताच अनेक खेळाडूंनी नाराजी व्यक्त केली. पात्रांचे चेहरे निर्जीव आणि दृश्ये जुनाट वाटतात, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. ही चित्रशैली हेतुतः निवडल्याचे निर्मात्यांनी सांगितले. परंतु जानेवारी २०२१ मधील प्रकाशन लांबणीवर पडले. मे २०२२ मध्ये काम मूळ खेळ घडवणाऱ्या माँट्रियल स्टुडिओकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. त्यामुळे पुणे-मुंबईच्या कामावरील प्रेक्षकांची मते केवळ झलकीवर आधारलेली राहिली.