विनोदी नट ते बालसाहित्यिक : दिलीप प्रभावळकर यांच्या वाटचालीचा एक अभ्यास

प्रस्तावना

मराठी रंगभूमीचा इतिहास आणि मराठी बालसाहित्याचा इतिहास हे दोन स्वतंत्र अभ्यासविषय मानले जातात. पहिल्यात नट, नाटककार व नाट्यसंस्था यांची नोंद होते; दुसऱ्यात कवी, कथाकार व मुलांची नियतकालिके यांची. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीसाठी झाली असली, तरी जी व्यक्ती दोन्ही क्षेत्रांत सारख्याच निष्ठेने वावरली तिच्यावर त्यामुळे अन्याय होतो. रंगभूमीचा इतिहासकार तिच्या लेखनाचा उल्लेख एका वाक्यात उरकतो आणि साहित्याचा इतिहासकार तिला 'लिहिणारा नट' म्हणून बाजूला ठेवतो. दिलीप प्रभावळकर हे याचे ठळक उदाहरण होय. चिमणराव, तात्या विंचू, आबा टिपरे या त्यांच्या भूमिका घराघरांत पोहोचल्या. परंतु 'बोक्या सातबंडे' या त्यांच्या बालकथामालिकेला २०११ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, याची जाण अभ्यासकांच्या लेखनात अभावानेच आढळते.

त्यांचे बालसाहित्य हा अभिनयाच्या कारकिर्दीला लागलेला जोडधंदा नसून, दोहोंचे मूळ एकच आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पूर्वपरंपरा : विनोद आणि बालवाङ्मय

वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' मासिक सुरू केले. आरंभीच्या बालवाङ्मयावर बोधाचा पगडा होता. तो सैल करण्याचे काम मुख्यतः विनोदी वृत्तीच्या लेखकांनी केले. ना. धों. ताम्हनकर (१८९३-१९६१) यांचा गोट्या आणि भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचा फास्टर फेणे हे नायक उपदेश ऐकून घेण्यापेक्षा स्वतः काही करून दाखविण्यात रमतात. पुण्याच्या शाळेत शिकणारा, फुरसुंगीचा फेणे तर सायकलीवरून थेट साहसात शिरतो.

मोठ्यांना हसविणारे लेखकही मुलांकडे वळले. आचार्य अत्रे यांनी 'नवयुग वाचनमाले'च्या द्वारे पाठ्यपुस्तकाची भाषा रसाळ केली. पु. ल. देशपांडे यांनी 'वयं मोठं खोटम्' व 'नवे गोकुळ' ही मुलांची नाटके लिहिली. विनोदी लेखक व बालवाचक यांचे नाते अशा रीतीने आधीच जुळले होते. मात्र व्यवसायाने नट असलेल्या कलावंतांनी लेखणी उचलली ती बहुधा आत्मकथनासाठी. राम नगरकर यांचे 'रामनगरी' हे त्याचे गाजलेले उदाहरण आहे. विनोदी नटाने मुलांसाठी एक नायक घडवावा आणि पुस्तकामागून पुस्तक त्याची सोबत करावी, ही घटना मराठीत विरळ आहे.

बालरंगभूमीवरील आरंभ

प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजी झाला. मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीवर त्यांची जडणघडण झाली. विजय तेंडुलकर यांच्या 'लोभ नसावा ही विनंती' या नाटकाचा त्यांच्या आरंभीच्या कामांत उल्लेख केला जातो. परंतु त्यांच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष वेधले गेले ते रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चेटकिणीमुळे.

हा तपशील महत्त्वाचा आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर'ची आणि मतकरी यांनी १९६२ मध्ये 'बालनाट्य' संस्थेची स्थापना केल्यानंतर मुंबईत मुलांसाठी गांभीर्याने नाटक करण्याची परंपरा रुजली. या नाटकांचा प्रेक्षक कठोर असतो. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी सभ्यपणे बसून राहतो. मूल मात्र चुळबुळ करते, पाणी मागते, मोठ्याने प्रश्न विचारते. चेटकिणीची भीती वाटली पाहिजे आणि त्याच वेळी तिची गंमतही वाटली पाहिजे, हा तोल नटाला प्रत्येक प्रयोगात नव्याने साधावा लागतो. प्रभावळकर यांच्या पुढील विनोदाचे शिक्षण येथे झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. २०१८ मध्ये हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आले आणि वैभव मांगले यांनी चेटकीण साकारली, तेव्हा या भूमिकेचे बळ नव्या पिढीलाही जाणवले.

'चिमणराव' ते 'टिपरे' : भूमिकांचा विस्तार

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) यांच्या कथांवर आधारित 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका प्रसारित झाली. प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. पुण्यातील भिडस्त, पापभीरू कारकून त्यांनी मुद्रेच्या आणि आवाजाच्या बारकाव्यांतून उभा केला. हा विनोद कोणालाही खाली ओढत नव्हता. हसणाऱ्याला चिमणरावांविषयी माया वाटत असे.

त्यानंतरचा त्यांचा पल्ला थक्क करणारा आहे. स्वतः लिहिलेल्या 'हसवाफसवी' या नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या. 'चौकट राजा' (१९९१) या चित्रपटात त्यांनी वाढत्या वयातही मनाने मूल राहिलेला नंदू रंगविला. 'झपाटलेला' (१९९३) मध्ये ते तात्या विंचू झाले. या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि मुले घाबरूनही तो चित्रपट पुनःपुन्हा पाहतात. २००१ ते २००५ या काळातील 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका त्यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर बेतलेली होती व तीत आबा टिपरे यांची भूमिकाही त्यांनीच केली. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मधील महात्मा गांधी आणि 'शेवरी' हा मराठी चित्रपट यांतील अभिनयासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'दशावतार' चित्रपटात, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी कोकणातील वृद्ध दशावतारी कलावंत साकारला.

या यादीतून एक सूत्र हाती लागते. चेटकीण, नंदू आणि तात्या विंचू या तिन्ही भूमिकांचा बालमनाशी थेट संबंध आहे. आबा टिपरे हे आजोबा असले, तरी घरात त्यांचे खरे सख्य नातवाच्या पिढीशी जमते. मुलांच्या जगाशी असलेला संबंध त्यांनी अभिनयातही कधी तोडला नाही.

बोक्या सातबंडे : श्राव्यातून वाचनाकडे

बोक्याचा जन्म आकाशवाणीवरील मुलांसाठीच्या लेखनातून झाला आणि नंतर राजहंस प्रकाशनाने त्याच्या कथा पुस्तकरूपाने अनेक भागांत वाचकांसमोर आणल्या. काटेकोर अर्थाने हिला एकसंध कादंबरी म्हणता येणार नाही. एकच नायक, त्याचे घर, त्याचे सवंगडी आणि दर खेपेस एक नवा प्रसंग, अशी ही साखळीकथा आहे. गोट्या आणि फास्टर फेणे यांच्याही कथा याच बांधणीच्या असल्यामुळे मराठी बालकादंबरीच्या चर्चेत तिला स्थान देणे उचित ठरते.

बोक्या हा मुंबईतील मध्यमवर्गीय घरातला शाळकरी मुलगा आहे. तो खोड्या काढतो, परंतु अडलेल्याच्या मदतीलाही तोच धावतो. किंबहुना त्याच्या पुष्कळशा खोड्या मदतीच्या खटाटोपातूनच उद्भवतात. श्याम आईच्या शिकवणुकीतून घडतो. फेणे साहसातून घडतो. बोक्या मात्र शेजारीपाजारी, नातेवाईक आणि शिक्षक यांच्या रोजच्या व्यवहारात स्वतःची नीती शोधतो. मोठ्यांच्या बोलण्यातील व वागण्यातील अंतर त्याला दिसते. लेखक त्यावर भाष्य करीत नाही; तो बोक्याला प्रश्न विचारू देतो.

येथे नटाची तालीम कामी आली आहे. नभोवाणीवर मुद्राभिनय नसतो. पात्राची ओळख केवळ बोलण्याच्या लकबीतून पटवावी लागते. म्हणूनच या कथांत वर्णन थोडे व संवाद अधिक आहेत. चिमणरावांचा भिडस्तपणा जसा वाक्य अर्धवट सोडण्यातून कळत असे, तसा येथील माणसांचा स्वभाव त्यांच्या शब्दांतून उलगडतो. वर्गात वा घरी मोठ्याने वाचल्यास या कथा अधिक रंगतात, याचे कारण त्यांच्या या श्राव्य मुळात आहे.

बोक्या पुढे पुस्तकाबाहेरही पडला. २००९ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला आणि अलीकडे त्याचे बालनाट्यही झाले. बालनाट्याने ज्या नटाला प्रेक्षकांसमोर आणले, त्याचा मानसपुत्र अखेर बालरंगभूमीवर आला, ही घटना दोन क्षेत्रांतील आतला दुवा स्पष्ट करते.

तुलनात्मक विचार

इंग्लंडमध्ये डेव्हिड वॉलियम्स या विनोदी नटाने 'लिटल ब्रिटन' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे कीर्ती मिळविल्यानंतर २००८ मध्ये 'द बॉय इन द ड्रेस' ही पहिली बालकादंबरी लिहिली. पुढे त्याच्या पुस्तकांचा खप प्रचंड वाढला आणि प्रसिद्ध व्यक्तींनी मुलांसाठी लिहावे काय, ज्यांना दुसरे नाव नाही अशा बालसाहित्यिकांची जागा त्यामुळे आक्रसते काय, असा वाद तेथे उभा राहिला. हा वाद निराधार नाही. प्रकाशकाला नाव विकणे सोपे जाते आणि मुलाच्या हाती काय पडावे हे बहुधा मोठी माणसे ठरवितात.

प्रभावळकर यांच्या बाबतीत हा आक्षेप फारसा लागू होत नाही. नभोवाणीवरील मुलांना लेखकाच्या चेहऱ्याशी कर्तव्य नव्हते. गोष्ट आवडली तरच ती ऐकली जात असे. मराठी बालवाङ्मयाचा बाजारही असा मोठा नाही की, केवळ प्रसिद्धीच्या जोरावर एखादा नायक अनेक भाग तग धरेल. बोक्या टिकला तो मुलांनी त्याला आपला मानला म्हणून.

निष्कर्ष

१. प्रभावळकर यांच्या कारकिर्दीत बालरंगभूमी आरंभीच येते. त्यामुळे 'नटाचा पुढे बालसाहित्यिक झाला' हे प्रचलित वर्णन अपुरे आहे. मुलांसाठी काम करणारा कलावंत पुढे दोन माध्यमांत विस्तारला, हे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

२. त्यांच्या विनोदाचे आणि बालकथांचे समान अधिष्ठान म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवण्याची क्षमता. कारकून, वृद्ध, मतिमंद तरुण आणि शाळकरी मुलगा यांपैकी कोणाचीही ते टिंगल करीत नाहीत.

३. नभोवाणी, बालनाट्य आणि पुस्तक ही माध्यमे स्वतंत्रपणे अभ्यासल्यास मराठी बालसाहित्याचे चित्र अपुरे राहते.

यातील तिसरा मुद्दा महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. छापलेले पुस्तक ग्रंथालयात उरते. श्रुतिकांची ध्वनिमुद्रणे, बालनाट्यांच्या तालमीच्या प्रती आणि प्रयोगांच्या जाहिराती मात्र सहज नाहीशा होतात. महर्षी कर्वे यांनी १९०० मध्ये आपला आश्रम हिंगण्यास नेला, तेव्हापासून आजच्या कर्वेनगरच्या या परिसराला शिक्षणाचा वारसा आहे. पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील व परिसरातील ज्येष्ठांच्या श्रवणस्मृती नोंदविणे, जुनी बालनाट्ये पाहिलेल्या प्रेक्षकांच्या मुलाखती घेणे, हे प्रकल्प अल्प खर्चात होण्यासारखे आहेत. ज्यांनी ती नाटके केली आणि ज्यांनी ती पाहिली, ती पिढी आज वार्धक्यात आहे. ही साधने आताच जमविली नाहीत, तर पुढील इतिहासकाराला बोक्याचे पुस्तक सापडेल, पण त्याचा आवाज सापडणार नाही.